दुखणे अंगावर काढायचे कोणी?

‘दुखणे अंगावर काढणे’ हा वाक्प्रयोग आपण इतक्या सहज करतो की त्यात नेमके काय घडते याकडे लक्षच जात नाही. औषधपाणी न करता, रजा न घेता, कोणाला न सांगता माणूस दुखत्या अंगाने काम रेटत राहतो आणि दुखणे आपोआप ओसरेल याची वाट पाहतो. असे करणाऱ्याचे आपण बहुधा कौतुकच करतो. पाठ धरलेली असताना ओझी वाहणारा हमाल, रात्रभर हाताला मुंग्या येऊनही सकाळी शिलाई यंत्रावर बसणारी कामगार, सुजलेल्या गुडघ्यावर रेलून फरशी बसवणारा कारागीर, रुग्णाला पलंगावरून उचलताना खांद्यात उठलेली कळ गिळणारी परिचारिका, हे सगळे सोशिक आणि कामसू म्हणून वाखाणले जातात. ज्या कामाने ते दुखणे दिले ते काम मात्र होते तसेच राहते. हा व्यवहार बदलला पाहिजे असे माझे ठाम मत आहे. कामाने दिलेली इजा टाळणे आणि ती झाल्यावर निस्तरणे ही मुख्यतः कामाची रचना ठरवणाऱ्यांची जबाबदारी आहे. आणि आज प्रतिबंध व उपचार या नावाखाली जे चालते, त्यातले बरेचसे माणसाच्या शरीराला कामाच्या मापात बसवण्यात खर्ची पडते.

कामामुळे होणाऱ्या शारीरिक इजा ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. एक क्षणात घडते: पाय घसरून पडणे, यंत्रात बोट सापडणे, पात्याने कापणे, भाजणे, उंचावरून काही अंगावर कोसळणे, डोळ्यात रसायन उडणे. दुसरी साचत जाते. कंबर, मान, खांदा, कोपर, मनगट, गुडघा यांपैकी कुठेतरी रोज थोडा थोडा ताण पडतो, रात्रीच्या विश्रांतीत तो पुरता भरून निघत नाही, उरलेला दुसऱ्या दिवशीच्या खात्यावर चढतो आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी एखादे साधे काम करताना चमक भरते. पहिल्या प्रकाराला तारीख असते, वेळ असते, पाहणारे असतात. म्हणून त्याची नोंद होते, चौकशी होते, क्वचित भरपाईही मिळते. दुसऱ्याची सुरुवात कोणत्या दिवशी झाली हे कोणालाच सांगता येत नाही. ज्या दिवशी चमक भरली त्या दिवशी माणूस कदाचित बुटाची नाडी बांधत होता, म्हणून दोष वाकण्याला, वयाला किंवा वाढलेल्या वजनाला दिला जातो आणि मागची आठ-दहा वर्षे हिशेबातून निसटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये जगभरात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती आणि माणसाला अकार्यक्षम करणाऱ्या कारणांत तिचा क्रमांक पहिला आहे. हे सगळे दुखणे कामाने दिलेले नाही, हे मान्यच आहे. पण एखाद्या माणसाच्या कंबरदुखीत त्याच्या कामाचा वाटा किती, हे तपासण्याची सोयच बहुतेक कामाच्या ठिकाणी नसते, आणि ती नसल्यामुळे खर्च कोणाचा वाचतो हे उघड आहे.

हे साचणे मनगटाच्या दुखण्यात फार स्पष्ट दिसते. तळहाताच्या बुडाशी हाडांची एक कमान आणि तिच्यावर आडवा ताणलेला जाड पट्टा यांच्यामध्ये एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे वाकवणाऱ्या नऊ कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या, आणि एक नस, म्हणजे मज्जातंतू, जाते. मनगट वाकवून, जोर लावून, तीच हालचाल दिवसभर केली की कंडरांभोवतीचे आवरण जाड होते, फुगते. बोगद्याच्या भिंती काही सरकत नाहीत, म्हणून सगळा दाब नसेवर येतो. सुरुवातीला माणूस मध्यरात्री जागा होतो. अंगठा आणि शेजारची दोन-तीन बोटे बधिर झालेली असतात, करंगळीला मात्र काही झालेले नसते. तो हात पलंगाबाहेर सोडून झटकतो, मुंग्या ओसरल्या की पुन्हा झोपतो आणि सकाळी विसरूनही जातो. कित्येक महिने एवढेच चालते. मग शर्टाचे बटण लावताना बोटे चुकू लागतात, हातातला कप निसटतो. त्याही पुढे अंगठ्याच्या बुडाचा फुगीर स्नायू सपाट होत जातो, आणि त्या टप्प्यावर केलेली शस्त्रक्रिया गेलेली ताकद पूर्णपणे परत आणीलच असे नसते. हात झटकून पुन्हा झोपी जाण्याचे ते महिने हाच खरा उपचाराचा काळ असतो, आणि नेमका तोच अंगावर काढला जातो.

ही समज काही आजची नाही. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कामगारांच्या आजारांवरचा आपला ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध केला. दिवसभर खर्डेघाशी करणाऱ्या लेखनिकांच्या दुखण्याची त्यांनी तीन कारणे सांगितली: सतत बसून राहणे, हाताची एकाच दिशेने चालणारी न थांबणारी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. रुग्णाला इतर प्रश्न विचारताना ‘तुम्ही काम काय करता?’ हेही विचारा, असा त्यांचा वैद्यांना आग्रह होता. तीन शतके उलटून गेली. आजही कंबर किंवा खांदा दाखवायला गेलेल्या माणसाची तपासणी, क्ष-किरण चित्रे आणि औषधे सगळे होते. पण ‘तुमच्या कामाच्या मेजाची उंची किती, तासाला किती वेळा हात खांद्याच्या वर जातो’ हे विचारणारे डॉक्टर मला फार थोडे भेटले आहेत.

ओझ्याच्या प्रश्नाकडे जरा सविस्तर पाहू, कारण माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा तिथे आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये ओझ्याच्या कमाल वजनाबाबत एक करार स्वीकारला. ज्या वजनाने आरोग्य धोक्यात येईल असे ओझे कोणाही कामगाराला वाहायला लावू नये, असे तो म्हणतो. सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो ही वरची मर्यादा सुचवली होती. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये ओझे उचलण्याचे आपले सूत्र सुधारले, आणि त्यात सर्वांत अनुकूल परिस्थितीतही उचलण्याचे वजन २३ किलो धरले. अनुकूल परिस्थिती म्हणजे काय, तर ओझे अंगालगत असावे, घोट्यांपासून हातांचे आडवे अंतर २५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावे, हात जमिनीपासून साधारण ७५ सेंटिमीटरवर असावेत, अंग पिळावे लागू नये, पकड चांगली असावी आणि उचलणे अधूनमधूनच असावे. आता यातली एकेक अट मोडत जाऊ. तेच ओझे जमिनीवरून उचलायचे असेल तर मर्यादा सुमारे १८ किलोवर येते. खोके रुंद असल्यामुळे हात अंगापासून ५० सेंटिमीटर लांब राहत असतील तर ती निम्मी, म्हणजे ९ किलोच्या आत जाते. त्यात ४५ अंश वळून ते बाजूला ठेवायचे असेल तर साडेसात किलोच्या आसपास उरते. उचलण्याची वारंवारता वाढली की आकडा आणखी खाली घसरतो.

हे सूत्र मला बोलके वाटते ते एका कारणासाठी. त्यात माणसाच्या जागरूकतेला, सवयीला, व्यायामाला एकही जागा नाही. अंतर, उंची, कोन, वेग, पकड हेच त्यातले घटक आहेत, आणि हे सगळे ओझ्याच्या मांडणीत, मेजाच्या उंचीत, खोक्याच्या आकारात, कामाच्या ठरवून दिलेल्या गतीत आधीच निश्चित झालेले असते. कामगार कामावर येण्यापूर्वीच कोणीतरी कागदावर ते ठरवलेले असते. माल जमिनीवर न ठेवता मांडीच्या उंचीच्या फळीवर ठेवला तर प्रत्येक उचलीत पाठीवरचा ताण कमी होतो. कामगाराने ‘पाठ ताठ, गुडघे वाकवा’ हे पाठ केले म्हणून खोके अंगाजवळ येत नाही.

तरीही जगभर प्रतिबंधाचा सर्वांत लोकप्रिय उपाय कोणता, तर प्रशिक्षण. एक व्याख्यान, एक चित्रफीत, भिंतीवर एक तक्ता. त्याचा परिणाम मोजला गेलेला आहे. अमेरिकेत सुमारे चार हजार टपाल कर्मचाऱ्यांवर साडेपाच वर्षे चाललेली चाचणी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांना पाठीची काळजी कशी घ्यावी हे शिकवले होते त्यांचे ज्ञान वाढले, पण पाठीच्या इजांच्या प्रमाणात फरक पडला नाही. ओझे उचलण्याच्या प्रशिक्षणावरील अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या पुढच्या आढाव्यांचा निष्कर्षही याच दिशेचा निघाला. कंबरेला बांधायच्या रुंद पट्ट्यांचीही तीच गत. दुकानांत माल हाताळणाऱ्या नऊ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात पट्टा बांधणाऱ्यांना आणि न बांधणाऱ्यांना पाठीचा त्रास सारखाच झाल्याचे २००० मध्ये दिसून आले. प्रशिक्षण देऊ नये असे मी म्हणत नाही. नव्या माणसाला यंत्र कसे थांबवायचे, रसायन कसे हाताळायचे हे शिकवलेच पाहिजे. माझा आक्षेप प्रशिक्षणाच्या नोंदवहीवर सही घेऊन प्रतिबंधाचे कर्तव्य पार पडले असे मानण्याला आहे. ती सही पुढे इजा झाल्यावर ‘यांना सांगितले होते’ असे म्हणण्यापुरती कामी येते.

अवजार मोडके नाही, यंत्र बिघडलेले नाही, सगळे ठरल्याप्रमाणे चालले आहे आणि तरीही माणूस जायबंदी होतो, याचे एक उदाहरण कायद्याच्या इतिहासात नोंदलेले आहे. कॅलिफोर्नियातील शेतांवर विरळणी आणि खुरपणीसाठी जेमतेम फूट-दीड फूट दांड्याचे अवजार वापरले जाई. ते वापरणारा मजूर दिवसभर कंबरेत दुमडलेलाच राहत असे. आखूड दांड्याने काम नेमके होते, रोपांना धक्का लागत नाही, असा मळेवाल्यांचा युक्तिवाद होता. शिवाय पाठ सरळ करायला उभा राहिलेला मजूर मुकादमाला लांबूनही दिसत असे. राज्यात असुरक्षित हत्यारांवर बंदी घालणारा नियम होता, पण तो फक्त सदोष, मोडक्या हत्यारांना लागू होतो असे संबंधित खात्याने ठरवून टाकले होते. १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही व्याख्या फेटाळली. ज्या कामासाठी हत्यार बनवले आहे त्याच कामासाठी, ज्या रीतीने वापरायचे त्याच रीतीने वापरल्यावर जर ते शरीर मोडत असेल तर ते असुरक्षितच आहे, हा त्या निकालाचा गाभा. आखूड दांडा गेला, लांब दांडा आला, आणि तेच काम उभ्याने होत राहिले. त्या मजुरांना पाठीचे व्यायाम शिकवून हे कधीही साधले नसते.

मी स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगतो. एका गोदामात मी काही काळ हिशेबाचे काम करत असे. माझ्या खिडकीसमोर खोकी चिकटपट्टीने बंद करण्याचे मेज होते. तिथे काम करणारी बाई बुटकी होती आणि मेज तिच्यासाठी नव्हते. खोक्याच्या वरच्या कडेवर चिकटपट्टीचे यंत्र फिरवायला तिला कोपर खांद्याइतके उचलावे लागे आणि पट्टी तोडताना मनगट बाहेरच्या बाजूला झटक्याने वळवावे लागे. असे दिवसातून शेकडो वेळा. तिच्या अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला ठणका सुरू झाला. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वळवले की ती कळवळत असे. तिला मलम मिळाले, मनगटाला पट्टा मिळाला, दोन आठवड्यांची रजा मिळाली. ती बरी होऊन आली आणि महिन्याभरात पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी देखभालीच्या माणसाने, कोणीही न सांगता, माल ठेवायच्या लाकडी चौकटीच्या फळ्या ठोकून एक पाट तयार केला आणि तिच्या पायाखाली सरकवला. त्याने पट्टी तोडायच्या यंत्राचे बोथट झालेले पातेही बदलले, कारण झटका द्यावा लागत होता तो त्या बोथट पात्यामुळे. या कामाला त्याची एक दुपारही लागली नाही. त्याआधीच्या रजा, औषधे आणि तिच्या जागी आणलेल्या माणसाचा पगार हे सारे माझ्याच वह्यांत नोंदलेले होते, आणि पाते मात्र चौकशीच्या कोणत्याही कागदावर नव्हते.

क्षणात घडणाऱ्या अपघातांत कामगाराच्या चुकीचा मुद्दा अधिक जोरात मांडला जातो. फिरत्या भागावरचे संरक्षक झाकण काढून ठेवले, हातमोजे घातले नाहीत, लक्ष नव्हते, असे अहवालात लिहिलेले असते आणि ते बहुधा खरेही असते. पण झाकण का काढले, हा पुढचा प्रश्न तिथे नसतो. अडकलेला तुकडा काढायला दर वेळी चार स्क्रू सोडवावे लागत असतील आणि मजुरी नगावर मिळत असेल तर ते झाकण दुसऱ्या आठवड्यापर्यंत कोपऱ्यात जाणार, हे यंत्र विकत घेणाऱ्याला आधीच कळायला हवे. झाकण उघडताच यंत्र आपोआप थांबेल, किंवा दोन्ही हातांनी दोन बटणे दाबून धरल्याशिवाय दाबयंत्राचा ठोका पडणारच नाही, अशी योजना असली की माणसाच्या थकण्यावर आणि विसरण्यावर बोटे अवलंबून राहत नाहीत. सरसकट हातमोजे घालायला लावणे तर कधी उलटेच पडते. फिरत्या छिद्रयंत्रावर मोजा टोकाशी अडकला तर हात आत ओढला जातो. तिथे मोजा न घालणे हाच सुरक्षित नियम आहे. ज्याने प्रत्यक्ष काम पाहिलेले नाही त्याने लिहिलेले नियम असे माणसाच्या अंगाशी येतात.

‘बहुतेक अपघात कामगारांच्याच चुकीने होतात’ या समजुतीला मोठा आधार मिळाला तो १९३१ मध्ये. विमा क्षेत्रात काम करणाऱ्या अमेरिकेतील हाइनरिक यांनी ८८ टक्के अपघातांचे कारण कामगारांचे असुरक्षित वर्तन असल्याचे मांडले. हा आकडा नंतर दशकानुदशके सभांमधून फिरत राहिला. तो काढला होता विम्याच्या दाव्यांवरून आणि कारखानदारांकडच्या नोंदींवरून, म्हणजे ज्यांना कामाची रचना बदलण्याचा खर्च करावा लागला असता त्यांच्याच बाजूने लिहिलेल्या कागदांवरून. माणूस चुकतो, दहाव्या तासाला अधिक चुकतो, हे गृहीत धरूनच यंत्र आणि पाळी आखायला हवी. धोक्याचे काम किंवा पदार्थच वगळणे, नाहीतर त्याजागी कमी धोक्याचा आणणे, नाहीतर यांत्रिक अडसर घालणे, मग पाळ्या व पद्धती बदलणे आणि सर्वांत शेवटी अंगावरची साधने, हा उतरता क्रम सुरक्षाशास्त्रात फार पूर्वीपासून शिकवला जातो. प्रत्यक्षात खरेदीची सुरुवात शेवटच्या पायरीपासून होते, कारण ती स्वस्त असते आणि डोळ्यांना दिसते.

माझ्या मतावर पहिला आक्षेप असा कामगाराच्या चुकीचा; दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो मी हलका मानत नाही. दोन-चार माणसे कामाला ठेवणाऱ्या छोट्या उद्योजकाला उचलयंत्र परवडणार नाही. पण बहुतेक वेळा गरज उचलयंत्राची नसते. मोठ्या पोत्याऐवजी लहान पोते मागवणे, खोक्याला हात घालायला खाच ठेवणे, जड माल मधल्या फळीवर आणि हलका वर-खाली ठेवणे, पात्याला वेळेवर धार लावणे, ओली फरशी पुसण्याची जबाबदारी नेमून देणे, एकाच हालचालीवर कोणालाही चार तास न ठेवता कामे फिरवणे, यातले काही महाग नाही. यासाठी लागतो तो निर्णयाचा अधिकार, आणि तो ज्याची पाठ दुखते त्याच्याकडे नसतो. पोत्याचा आकार ठरवणारे तर बहुधा दुसऱ्याच कोणत्या कंपनीत बसलेले असतात. म्हणून मालाच्या वेष्टनावर बंधन घालण्याचे काम कायद्यानेच केले पाहिजे. हादरे देणाऱ्या हत्यारांबाबत युरोपीय संघाने २००२ मध्ये हे करून दाखवले आहे. आठ तासांच्या कामाला हाताला बसणाऱ्या हादऱ्याची पातळी २.५ एकक (मीटर प्रति सेकंद वर्ग) झाली की मालकाने उपाय सुरू करायचे आणि ५ एककांच्या वर जाऊ द्यायचे नाही, असा तो दंडक आहे. हवेच्या दाबावर चालणारे हातोडे वापरणाऱ्या दगडकाम्यांची बोटे थंडीत पांढरीफटक आणि बधिर पडतात, हे डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी इंडियाना राज्यात १९१८ मध्ये नोंदवले होते. तिथून युरोपीय संघाच्या या मर्यादेपर्यंत यायला चौऱ्याऐंशी वर्षे गेली.

आता इजा झाल्यावर काय करायचे, याकडे वळतो. पहिल्या काही मिनिटांत करायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या कामाच्या ठिकाणी प्रत्येकाला ठाऊक असायलाच हव्यात, कारण तिथे प्रशिक्षणाला खरोखरच पर्याय नाही. भाजले तर तो भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरायचा. बर्फ नाही, मलम नाही, कसलाही लेप नाही. डोळ्यात रसायन गेले तर पापण्या उघड्या धरून किमान पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने धूत राहायचे आणि मगच दवाखान्याकडे निघायचे. हात चेंगरला तर सूज चढण्याआधी अंगठी काढायची. बोट तुटून वेगळे झाले तर ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून, पिशवीत बंद करून ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. बोट थेट बर्फावर ठेवले तर ते जोडण्याच्या कामाचे राहत नाही. आणखी एक इजा अशी आहे की ती ओळखलीच जात नाही. उच्च दाबाच्या तेलाच्या नळीतून किंवा ग्रीस-गनमधून बारीक धार बोटात घुसते. वरून टाचणी टोचल्याएवढे छिद्र दिसते, सुरुवातीला फारसे दुखतही नाही, आणि माणूस पट्टी लावून पुन्हा कामाला लागतो. आत मात्र तेल कंडरांच्या आवरणातून हातभर पसरत असते. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट गमवावे लागू शकते. अशी यंत्रे असलेल्या प्रत्येक ठिकाणी ही माहिती यंत्राजवळ ठळक अक्षरांत लावलेली असावी.

मुरगळणे, लचकणे, पाठीत उसण भरणे यांबाबत आपल्या समजुती मागे पडल्या आहेत. ‘विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय वर’ हे सूत्र १९७८ मध्ये अमेरिकेतील डॉ. गेब मर्किन यांनी रूढ केले. २०१४ मध्ये त्यांनीच लिहिले की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे बरे होणे लांबू शकते. पहिल्या एक-दोन दिवसांत वेदना कमी करण्यापुरता बर्फ ठीक, पण पुढे झेपेल तितकी हालचाल हेच औषध. कंबरदुखीत तर हे अधिकच खरे आहे. हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवरील १९९५ च्या चाचणीत ताज्या कंबरदुखीसाठी काहींना दोन दिवस अंथरुणावर पडून राहायला सांगितले, काहींना व्यायाम दिले आणि काहींना झेपेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवायला सांगितले. सर्वांत लवकर सावरले ते हे तिसरे. अर्थात पायातली ताकद जाऊ लागली, जांघेभोवती बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटू लागला तर एक तासही न दवडता रुग्णालय गाठायचे असते. पण या अपवादाबाहेरच्या, म्हणजे बहुसंख्य दुखण्यांना हालचाल हवी असते.

हालचाल ठेवा, पण ज्याने दुखले ते करू नका. हा सल्ला डॉक्टर देतील, पण तो अमलात आणायचा कामाच्या ठिकाणी, आणि तिथेच सगळे अडते. मुळात दुखते हे सांगण्याचीच भीती असते. नाव काढले तर नाजूक समजतील, पाळ्या कमी मिळतील, कंत्राट पुढे वाढणार नाही. ‘आज इतके दिवस अपघातमुक्त’ असे आकडे फळ्यावर लिहून, ते न तुटल्यास सगळ्या विभागाला बक्षीस देणाऱ्या योजना या भीतीत भरच घालतात. आपल्या कापलेल्या बोटाने चाळीस सहकाऱ्यांचे बक्षीस जाणार असेल तर माणूस खिशातला रुमाल बांधून गप्प बसेल. आकडा वाढत जातो आणि पाते तसेच राहते. त्याऐवजी सुरुवातीच्या ठणक्याच्या, निसटलेल्या अपघाताच्या किती तक्रारी आल्या आणि त्यांतल्या कितींवर किती दिवसांत काय बदलले, हे मोजले जावे. तक्रारी वाढल्या तर ती त्या ठिकाणच्या विश्वासाची खूण समजावी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२२ मध्ये सुरक्षित व आरोग्यपूर्ण कामाची परिस्थिती हा कामगारांच्या मूलभूत हक्कांपैकी एक मानला. दुखणे सांगितल्याबद्दल पाळी कापली जात असेल तर तो हक्क कागदावरच राहतो.

कामावर परतण्याबाबत कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. कंबरदुखीमुळे चार आठवड्यांहून अधिक काळ घरी असलेल्या कामगारांपैकी काहींना नेहमीचे उपचार मिळाले, काहींना वाढीव वैद्यकीय उपचार मिळाले; आणि काहींच्या बाबतीत तज्ज्ञाने कामगार आणि त्याचा वरिष्ठ यांना सोबत घेऊन प्रत्यक्ष कामाची जागा पाहिली व काय बदलायचे हे मिळून ठरवले; काहींना हे दोन्ही मिळाले. ज्यांना वैद्यकीय आणि कामाच्या जागेवरचे असे दोन्ही उपाय मिळाले ते नेहमीच्या उपचारांवरच्या लोकांपेक्षा सुमारे २.४ पट वेगाने आपल्या कामावर परतले, आणि या यशाचा मोठा वाटा कामाच्या जागेतल्या बदलाचा होता. पाठ बरी करण्याचे औषध निम्म्याहून अधिक गोदामात आणि कारखान्यात होते, असाच याचा अर्थ मी घेतो.

म्हणून वैद्यकीय दाखल्यावर ‘हलके काम द्यावे’ एवढेच लिहिण्याची पद्धत बंद व्हावी. हलके म्हणजे काय हे वरिष्ठाला ठाऊक नसते आणि कामगाराला सांगण्याचे धाडस नसते. किती किलोपर्यंत, कोणत्या उंचीवरून, तासाला किती वेळा, सलग किती मिनिटे उभे राहून, हे दाखल्यावर लिहिले जावे आणि दोन-तीन आठवड्यांनी ते टप्प्याटप्प्याने वाढवले जावे. त्या काळातला पगार पूर्ण मिळावा, नाहीतर कोणीही दाखला दाखवणार नाही. आणि ज्या मेजावर, ज्या यंत्रावर इजा झाली ते तपासून, काय बदलले हे लिहून ठेवल्याशिवाय त्या जागेवर कोणालाच, परतलेल्या माणसाला किंवा त्याच्या बदल्यात आलेल्याला, उभे करू नये. यात सर्वांत मोठी फट आहे ती कंत्राटी कामगाराची. त्याचा पगार एक जण देतो, काम दुसऱ्याच्या जागेत दुसऱ्याच्याच यंत्रावर होते. इजा झाली की पुरवठादार म्हणतो यंत्र माझे नाही, आणि जागेचा मालक म्हणतो माणूस माझा नाही. दुसऱ्या सकाळी त्या जागी नवा माणूस उभा असतो, तेच बोथट पाते हातात घेऊन. कायद्याने इथे संदिग्धता ठेवू नये. उपचाराचा आणि रजेचा खर्च दोघांकडून वसूल व्हावा, पण मेजाची उंची, ओझ्याचे वजन आणि कामाची गती बदलण्याचे बंधन, कामगार कोणाच्याही हजेरीपटावर असो, ते मेज ज्याच्या छपराखाली आहे त्याच्यावरच असावे, आणि ते बदलेपर्यंत त्या मेजावरचे काम थांबवण्याचा अधिकार तिथे उभ्या असलेल्या कामगाराला असावा.